पाठमोरा कर्णा: सह्याद्रीतला ट्रोगॉन कसा शोधायचा, कसा ओळखायचा

पक्ष्यांच्या पुस्तकात कर्ण्याचं पान उघडलं की वाटतं, याला ओळखायला काय लागतं? काळं डोकं, काळी छाती, छातीखाली पांढरी रेघ आणि तिच्याखाली शेपटीपर्यंत डाळिंबी-गुलाबी पोट. असा दुसरा पक्षी सह्याद्रीत नाही. तरीही वर्षानुवर्षं रानात फिरणारे कितीतरी लोक सांगतात की कर्णा आम्हाला अजून दिसला नाही. त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावरच्या फांदीवर तो निवांत बसलेला होता, असा माझा पक्का संशय आहे.

अडचण ओळखण्याची नाही, दिसण्याची आहे. चित्रकार कर्णा काढतो तो समोरून, पोट दाखवत. रानातला कर्णा आपल्याला दाखवतो ती पाठ. चित्र डोक्यात ठेवून आपण हिरव्या झाडीत लाल ठिपका शोधत राहतो आणि तपकिरी पाठीवरून नजर घसरून पुढे जाते. म्हणून इथे आधी पाठ, उजेड आणि आवाज यांबद्दल बोलू. पोटाची पाळी नंतर.

मलबारी कर्णा म्हणजे इंग्रजी पुस्तकांतला मलबार ट्रोगॉन, शास्त्रीय नाव हार्पॅक्टिस फॅसिएटस. ट्रोगॉनांचं कुळ उष्ण प्रदेशांतल्या जंगलांचं. त्यात चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्या आशिया, आफ्रिका व अमेरिका या तिन्ही खंडांत विखुरल्या आहेत. ग्वाटेमालाचा राष्ट्रीय पक्षी केत्साल याच कुळातला. तिथलं चलनही त्याच्याच नावाचं आहे. भारतात या कुळाच्या तीन जाती. दोन ईशान्येकडच्या डोंगराळ रानांत, आणि एक आपल्याकडे. आपला कर्णा पश्चिम घाटात उत्तरेला साधारण गुजरातेतल्या डांगपर्यंत जातो. मध्य भारतातल्या आणि पूर्व घाटातल्या डोंगरी रानांत तुरळक भेटतो, आणि श्रीलंकेतही आहे. जगात इतरत्र कुठेही नाही.

बसण्याची तऱ्हा

लांबी सुमारे ३० सेंटीमीटर, त्यातली जवळपास निम्मी शेपटी. वजन साठेक ग्रॅम, म्हणजे दिसायला मोठा आणि हाताला हलका. झाडाच्या मधल्या थरात, जमिनीपासून पुरुषभर उंचीच्या वर पण शेंड्याच्या बराच खाली, आडव्या फांदीवर किंवा लोंबत्या वेलीवर तो ताठ बसतो. शेपटी सरळ खाली सोडलेली, मान आखूड, डोकं मोठं. आणि बसला की बसला. कित्येक मिनिटं एक पीसही हलत नाही. मग अचानक झेप घेतो, पानाखालचा नाहीतर खोडावरचा किडा हवेतल्या हवेत टिपतो आणि बहुतेक वेळा वेगळ्याच फांदीवर जाऊन पुन्हा पुतळा होतो. पतंग, अळ्या, काडीकिडे, रातकिडे, भुंगेरे हे त्याचं खाणं. अधूनमधून फळंही खातो. चोच आखूड, रुंद आणि बुडाशी राठ केस असलेली. उडत्या झेपेत किडा पकडायला अशीच चोच सोयीची.

या स्थिरपणाचं एक कारण त्याच्या पायांत आहे. बहुतेक पक्ष्यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. सुतार, पोपट, कोकिळा यांची दोन पुढे, दोन मागे. कर्ण्याचीही दोन-दोनच, पण बोटं वेगळी. सुतारात पहिलं आणि चौथं बोट मागे वळलेलं असतं, तर ट्रोगॉनमध्ये पहिलं आणि दुसरं. पायाची ही रचना ट्रोगॉन सोडून दुसऱ्या कुठल्याही पक्ष्यात नाही. शिवाय पाय कमजोर. फांदीवरून चालणं, सरकत जाणं, खोडाला धरून वर चढणं हे त्याला जमत नाही. बसल्या जागी तोंड फिरवायचं तरी पंखांचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे मुनियेसारखा तो फांदीवर इकडून तिकडे उड्या मारताना कधीच दिसणार नाही. हालचालीवरून पक्षी शोधायची आपल्या डोळ्यांची सवय इथे कुचकामी ठरते.

आता पाठ. नराची पाठ पिवळसर तपकिरी, कमरेकडे आणि शेपटीवर तांबूस होत गेलेली. पंखांवर काळ्या-पांढऱ्या इतक्या बारीक नागमोडी रेघा की लांबून राखाडी पट्टाच वाटतो. शेपटीची मधली पिसं तांबूस, टोकाला काळी. वाळलेलं पान, झाडाची साल आणि सावली या तिन्हींचे रंग त्यात आले. माणसाची चाहूल लागली की कर्णा पुष्कळदा अशी पाठ आपल्याकडे करून बसतो आणि मान मागे वळवून आपल्यावर नजर ठेवतो. हे अनेक निरीक्षकांनी नोंदवलं आहे. तो हे जाणूनबुजून करतो की पळायच्या तयारीत उलट दिशेला तोंड करतो, यावर वाद घालता येईल. आपल्यापुरता परिणाम एकच: सगळा भडकपणा पलीकडच्या बाजूला.

म्हणून शोधायचा तो आकार. आडव्या फांदीवरून सरळ खाली लोंबणारी, टोकाशी छाटल्यासारखी चौकोनी लांब शेपटी. फांदीच्या वर मोठं डोकं आणि जवळजवळ नसलेली मान. ही आकृती एकदा नजरेत बसली की रंग दिसायची गरजच उरत नाही.

पाठीमागून पाहताना घोटाळा होऊ शकतो तो टकाचोराशी. तोही तांबूस, तोही लांब शेपटीचा, पण त्याच्या पंखांवर ठळक पांढरट पट्टा असतो आणि तो एका जागी गप्प राहील तर शपथ. स्वर्गीय नर्तकाची मादीही तपकिरी पाठीची असते. मात्र ती अंगानं कितीतरी लहान, डोक्यावर तुरा असलेली आणि सतत वळवळणारी. समोरून लाल दिसला म्हणून निखाराला कर्णा समजणारेही भेटतात. निखार शेंड्याच्या उजेडात थव्यानं भिरभिरत असतो. कर्ण्याचा आणि त्या उजेडाचा फारसा संबंध नाही.

लाल रंग जातो कुठे?

हा प्रश्न मला सगळ्यात गमतीचा वाटतो. एवढं लालभडक पोट असलेला पक्षी समोर तोंड करून बसला, तरी कधीकधी दिसत नाही.

पानांमधलं हरितद्रव्य सूर्यप्रकाशातला लाल आणि निळा भाग शोषून घेतं. हिरवा भाग त्या मानानं कमी शोषला जातो. त्यामुळे दाट छताखाली जो उजेड पोचतो तो हिरवटच असतो. लाल वस्तू लाल दिसते ती तिच्यावर पडलेला लाल प्रकाश ती परत फेकते म्हणून. मुळात लाल प्रकाशच कमी पडला तर ती परत काय फेकणार? गडद सावलीत कर्ण्याचं पोट विटकरी, मातकट, कधी नुसतंच काळपट दिसतं. त्याच वेळी पानांच्या फटीतून उन्हाचा एखादा कवडसा नेमका त्याच्यावर पडला, की तोच पक्षी पेटून उठल्यासारखा वाटतो. छायाचित्रांत आपण पाहतो तो हा कवडशातला, नाहीतर संगणकावर रंग सुधारलेला कर्णा.

दुसरं कारण आपल्या डोळ्यांत आहे. उजेड मंदावला की माणसाच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात आणि अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या पेशी पुढे येतात. या दुसऱ्या पेशींना लाल रंग जवळपास कळतच नाही. १९व्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं फुलांकडे पाहतानाच ही गोष्ट टिपली होती. तुम्हीही पाहू शकता. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी अंगणातल्या लाल जास्वंदीसमोर थांबा. पानं अजून हिरवट-राखाडी दिसत असतात, तेव्हा फूल काळं पडलेलं असतं. पहाटे साडेसहाला सदाहरित रानात उभं राहून कर्णा शोधणाऱ्या माणसाचे डोळे थोडेफार याच अवस्थेत असतात.

म्हणूनच मी नवख्यांना सांगतो की अगदी पहाटेचा हट्ट या पक्ष्यासाठी धरू नका. रानात पोचा लवकर, कारण आवाज तेव्हा ऐकू येतात. पण पाहायला खरी मजा सूर्य थोडा वर आल्यावर, कवडसे पडायला लागल्यावर.

दुर्बीण निवडतानाही हा उजेडाचा हिशेब कामी येतो. दुर्बिणीवर ८×४२, १०×४२, ८×२५ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ८×४२ मध्ये ती ५ मिलिमीटरहून थोडी जास्त, १०×४२ मध्ये ४.२, आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये जेमतेम ३. माळरानावर भर उन्हात हा फरक जाणवत नाही. कर्ण्याच्या रानात मात्र छोट्या दुर्बिणीतून सगळं काळपट दिसतं. दहापट मोठं दिसण्याचा मोहही इथे नको. मोठेपणाबरोबर हाताची थरथरही वाढते आणि दृश्याचा आवाका कमी होतो. पानांच्या गर्दीत फांदी सापडेपर्यंत पक्षी गेलेला असतो.

कानांनी शोधणं

कर्णा बहुतेकांना आधी ऐकू येतो, मग दिसतो. नराचं गाणं साधं: ‘क्यू… क्यू… क्यू…’ असे काही घोगरट-गोड सूर एकापाठोपाठ, सारख्या अंतरानं, मग विश्रांती. आवाज मोठा नसतो, पण खालच्या पट्टीतला असतो. दाट झाडीत उंच पट्टीचे सूर पानांवर आपटून विखुरतात आणि खालच्या पट्टीतले त्या मानानं लांबवर पोचतात. त्यामुळे हा आवाज दूरचा वाटला तरी पक्षी जवळ असू शकतो आणि जवळचा वाटला तरी बराच आत असू शकतो. दिशा ठरवायला सोपी युक्ती आहे. एका जागी ऐका, दहा-पंधरा पावलं बाजूला सरकून पुन्हा ऐका. दोन्ही दिशा मनात जिथे एकमेकींना छेदतील तिथल्या झाडांच्या मधल्या थरात नजर फिरवा.

बिथरला की तो घशातून ‘कर्रर्र’ असा घुरघुरता आवाज काढतो आणि शेपटी वर-खाली करतो. हे ऐकू आलं तर दोन पावलं मागे घ्या. तुम्ही त्याच्या फार जवळ गेला आहात.

ऐकायचा दुसरा आवाज कर्ण्याचा नव्हेच, भृंगराजाचा. शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला चकत्या असलेला हा काळा कोतवाल सदाहरित रानातल्या मिश्र थव्यांचा पहारेकरी असतो. बुलबुल, सुतार, शिलींध्री, स्वर्गीय नर्तक असे निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र येऊन रान विंचरत पुढे जातात. एकानं उठवलेला किडा दुसऱ्याच्या चोचीत जातो आणि शिकारी पक्षी आला की भृंगराज सगळ्यांना सावध करतो. श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलात अशा थव्यांचा अनेक वर्षं बारकाईनं अभ्यास झाला आहे आणि कर्णा तिथल्या थव्यांचा नेहमीचा सदस्य आहे. गप्प बसून वाट पाहणाऱ्या पक्ष्याला दुसऱ्यांनी किडे उठवून दिले तर हवेच आहेत. आपल्याकडेही थवा आला की लोक त्यातल्या नाचऱ्या पक्ष्यांच्या मागे लागतात. तुम्ही थव्याच्या मधोमध, थोडं खाली, न हलणारं काही दिसतं का ते पाहा.

नर, मादी आणि कोवळा नर

आता पोट. नराचं वर्णन सुरुवातीलाच आलं. त्यात भर एवढीच की डोळ्याभोवतीची उघडी कातडी निळसर असते, चोचही निळसर. मादीला काळं डोकं नाही, पांढरी रेघ नाही आणि लालही नाही. डोकं-छाती दालचिनी-तपकिरी आणि पोट फिकट नारिंगी, गेरूकडे झुकणारं. नवीन माणूस मादीला हमखास वेगळी जात समजतो. दोघांत सारखी गोष्ट म्हणजे बांधा, बसण्याची ढब आणि शेपटी. शेपटीची बाहेरची पिसं पायरीपायरीनं आखूड होत जातात आणि त्यांची टोकं रुंद पांढरी असतात. त्यामुळे खालून पाहिल्यावर शेपटीत पांढरा रंग ठळक दिसतो. डोक्यावरच्या फांदीतला पक्षी ओळखायला ही खूण फार उपयोगी, कारण तिथे पाठही दिसत नाही आणि पोटाचा रंग आकाशाच्या उजेडापुढे काळवंडतो.

कोवळा नर मादीसारखा दिसतो आणि हळूहळू नराचा पिसारा चढवतो. अर्धवट रंगाचा पक्षी दिसला तर नोंदीत तसंच लिहावं, उगाच नर-मादी ठरवू नये. पिल्लं घरटं सोडल्यावरही काही महिने आई-बापांबरोबर राहतात. त्यामुळे पावसाळ्यानंतर तीन-चारचं कुटुंब एकत्र भेटू शकतं.

कुठे आणि केव्हा

महाराष्ट्रात सर्वात चांगली संधी सिंधुदुर्गात: आंबोली, तिळारीचं खोरं. कोल्हापुरातल्या राधानगरी-दाजीपूरपासून चांदोली-कोयनेपर्यंतच्या दाट रानातही त्याचा वावर आहे. रायगडात फणसाडची नोंद अधूनमधून होते. गोव्यात मोले, तांबडी सुर्ला, बोंडला, खोतीगाव. तिथून कर्नाटकात शिरलात तर दांडेलीजवळचं गणेशगुडी पक्षीनिरीक्षकांत कर्ण्यासाठी चांगलंच माहितीचं आहे. केरळातलं तट्टेकाड अभयारण्य १९८३ साली जाहीर झालं. सलीम अलींनी १९३३च्या त्रावणकोर पाहणीत त्या परिसराचं महत्त्व ओळखलं होतं. आता ते अभयारण्य त्यांच्याच नावानं आहे आणि कर्णा तिथल्या ठळक पक्ष्यांपैकी एक.

ठिकाणाच्या नावापेक्षा रानाचा प्रकार महत्त्वाचा. वर बंद छत, मध्ये वेली आणि लहान झाडं, खाली कुजता पाचोळा असं तीन थरांचं रान त्याला लागतं. दोडामार्गाकडे जंगल तोडून रबर लावलं गेलं. लांबून तिथेही हिरवंगारच दिसतं. पण मधला थर साफ केलेला, झाडं एकाच जातीची आणि ओळीत. तिथे कर्ण्याला बसायला वेल नाही आणि खायला काडीकिडा नाही. काजूच्या बागेचंही तेच. जगभरच्या संख्येकडे पाहता ही जात आज संकटग्रस्तांच्या यादीत नाही, पण रानाचे तुकडे होतात तिथून आधी निघून जाणाऱ्यांत ती असते.

हंगाम म्हणाल तर डिसेंबर ते मे. उन्हाळा जवळ येतो तशी पानझडीच्या पट्ट्यात सावली विरळ होते. अशा वेळी ओढ्याकाठची सदाहरित झाडी धुंडाळावी. फेब्रुवारीपासून नर गायला लागतात. पावसाळ्यात पक्षी तिथेच असतो, पण पानांचा पडदा, धुकं आणि जळवा यांच्याशी झगडत त्याला शोधणं ही हौस असेल त्यांनीच करावी.

कुजकं खोड आणि आपली जबाबदारी

घरटं पावसाच्या आधी, साधारण फेब्रुवारी ते मे या काळात होतं. जोडी मिळून मेलेल्या, कुजायला लागलेल्या खोडात चोचीनं खोबण कोरते. चोच सुताराएवढी बळकट नाही, त्यामुळे लाकूड पुरतं भुसभुशीत लागतं आणि कामाला महिनाभर जातो. आत गवत नाही, पिसं नाही, नुसता लाकडाचा भुसा. अंडी बहुधा दोन. रात्री मादी उबवते, दिवसा नरही पाळी घेतो. १७ ते १९ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. खोबण बरेचदा फार उंच नसते, कधी माणसाच्या डोक्याच्या पातळीलाही असते. कुजक्या खोडाला नुसता टेकून उभा राहणारा माणूससुद्धा ते मोडू शकतो.

रान ‘स्वच्छ’ करायचं म्हणून मेलेली झाडं आणि ठुंठं काढून टाकायची पद्धत या पक्ष्याच्या मुळावर येते. कोकणातल्या ज्या देवरायांत वाळकी काटकीही बाहेर न्यायची नाही हा नियम अजून पाळला जातो, तिथे पडलेलं खोड पडलेलंच राहतं. खोडात घर करणाऱ्या पाखरांना नेमकं तेच हवं असतं.

आणि फोटोवाल्यांबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मोबाइलवर कर्ण्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावण्याचा प्रकार सर्रास चालतो. विणीच्या दिवसांत नराला तो आवाज म्हणजे हद्दीत घुसलेला दुसरा नर. तो अंडी किंवा शिकार सोडून भांडायला येतो, भांडायला कोणी सापडत नाही आणि दुसरा गट येऊन पुन्हा तेच करतो. एवढ्या शांत बसणाऱ्या पक्ष्यासाठी याची गरजच नाही. तुम्ही स्थिर राहिलात तर तो स्वतःच बराच वेळ समोर बसून राहतो. भडक कपडे टाळा, बोलणं बंद ठेवा, पक्ष्याकडे बोट दाखवू नका. हात उचलला की तो उडतो, आणि मागच्याला बोटही दिसत नाही आणि पक्षीही.

पाहून झाल्यावर नोंद करा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका किंवा वहीत लिहा, पण ‘मलबारी कर्णा – १’ एवढ्यावर थांबू नका. नर की मादी, जमिनीपासून अंदाजे किती उंचीवर, एकटा की थव्यात, थव्यात आणखी कोण होतं, काय पकडलं, गात होता का, हे लिहा. घरटं सापडलं असेल तर त्याची जागा मात्र समाजमाध्यमांवर नको, ओळखीच्या गटातही नको. सांगायचीच झाली तर तिथल्या वनरक्षकाला सांगा.